चर्वण स्नायू आणि जबड्याचा सांधा

खालचा जबडा दोन्ही कानांच्या अगदी पुढे कवटीला जोडलेला असतो. हाड एक आणि सांधे दोन असल्याने एका बाजूचा बिघाड दुसरीलाही भोवतो.

चावण्याचे मुख्य स्नायू प्रत्येक बाजूला चार. दात आवळले की गालाच्या मागच्या भागात बोटाला टणक लागतो तो मॅसेटर. कानशिलावर हलताना जाणवतो तो टेम्पोरॅलिस. मीडिअल टेरिगॉइड जबड्याच्या आतल्या अंगाला असतो. हे तिन्ही तोंड मिटतात. चौथा लॅटरल टेरिगॉइड जबड्याचा गोलसर माथा पुढे ओढतो. तोंड उघडणे आणि जबडा बाजूला सरकवणे हे त्याचे काम. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, हिवाळ्यात मिळणारा तळलेला गराडू हा कंद फोडताना जोर लागतो तो मॅसेटरचा. रगडताना दोन्ही बाजूंचे टेरिगॉइड आळीपाळीने राबतात. चारही स्नायूंना मेंदूच्या पाचव्या नसेची शाखा मिळते. गालातला बक्सिनेटर घास दाढांवर ढकलतो, पण तो सातव्या नसेवर चालतो. म्हणूनच चेहऱ्याचा लकवा झाल्यावर चावण्याचा जोर टिकतो, घास मात्र गालात साठून राहतो.

सांध्यात जबड्याचा माथा आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. तोंड उघडताना पहिले २० ते २५ मिमी माथा जवळजवळ जागीच फिरतो. पुढे तो चकतीसह खोबणीपुढच्या हाडाच्या उंचवट्यावर घसरतो. प्रौढात समोरच्या दातांमधले अंतर साधारण ४० ते ५० मिमी होते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. चकती पुढे सरकलेली असेल तर माथा तिच्याखाली परत शिरताना ‘कट्’ वाजते. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. चकती परत बसेनाशी झाली की तोंड अर्धवटच उघडते आणि हनुवटी दुखऱ्या बाजूकडे वळते.

मोठी जांभई दिल्यावर माथा उंचवट्याच्या पुढे जाऊन अडकला तर तोंड मिटत नाही. मिटणारे स्नायू आखडल्याने तो आणखी घट्ट बसतो. डॉक्टर अंगठ्यांना कापड गुंडाळून ते खालच्या दाढांवर टेकवतात, जबडा आधी खाली दाबतात, मग मागे ढकलतात. नुसता मागे ढकलून उपयोग नाही, कारण आड उंचवटा असतो. घरी हा प्रयोग करू नये. बसवल्यावर काही दिवस मऊ अन्न घ्यावे आणि जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा.

तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच बिघडला, असे मात्र नव्हे. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी चघळण्याची सवय सुटलेली नाही. सुपारीतल्या अॅरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात. आधी तिखट झोंबते, मग अस्तर पांढुरके पडते आणि गालात बोट फिरवले की ताठ पट्टे लागतात. तोंडात मावणाऱ्या तीन बोटांची दोन, मग एक होते. सुपारी सोडल्यावर वाढ थांबू शकते, पण तयार झालेले पट्टे सहसा विरत नाहीत. यातून कर्करोगाचा धोका असतो. त्यामुळे अशा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासून घ्यावा.