थरच्या वाळवंटात स्काउट-गाईड पथकाचे निसर्ग शिबिर: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

महाराष्ट्रातल्या शाळेचे पथक जैसलमेरला निसर्ग शिबिरासाठी न्यायचे, तर तीन ठिकाणचा होकार लागतो: भारत स्काउट्स आणि गाईड्सची आपली यंत्रणा, जिल्ह्याचा शिक्षण विभाग आणि राजस्थानचा वन विभाग. अर्ज सहसा याच क्रमाने केले जातात आणि गाडी शेवटच्या टप्प्यावर अडते. तारीख खरी ठरते ती वन विभागाच्या उत्तरावर. म्हणून पहिले पत्र तिकडे, निदान तीन महिने आधी पाठवावे आणि त्याची प्रत बाकीच्या दोन अर्जांना जोडावी.

तारीख निवडताना दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा जैसलमेरची दुपार अजून तिशीच्या वर असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २४-२५ अंश आणि पहाटे ७-८, कधी त्याहूनही खाली. नाताळच्या आठवड्यात पर्यटकांची झुंबड असते आणि प्रजासत्ताक दिनाच्या आधी सीमाभागात बंदोबस्त वाढतो. डिसेंबरचा मध्य किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा.

कोण जाऊ शकते

पथकाची नोंदणी चालू वर्षापर्यंत नूतनीकरण केलेली हवी. नोंदणी थकली असेल तर आधी ती भरा, नाहीतर पुढचा एकही कागद हलत नाही. स्काउट मास्टर किंवा गाईड कॅप्टन प्रशिक्षित आणि रीतसर नेमलेले असावेत. गाईड्स सोबत असतील तर महिला प्रौढ हवीच, मुक्कामालाही. कब-बुलबुलना, म्हणजे लहान गटातल्या मुलामुलींना, या शिबिराला नेऊ नये. द्वितीय सोपान (स्काउट-गाईड प्रशिक्षणाचा एक टप्पा) पूर्ण केलेली मुले न्यावीत, कारण गाठी, प्रथमोपचार आणि होकायंत्र तिथे खरोखर वापरावे लागते.

८ जणांचा एक संघ, असे ३ संघ म्हणजे २४ मुले. दहा मुलांमागे एक शिक्षक या हिशेबाने तिघे पुरतात, पण चौघे न्या. एखाद्या मुलाला रुग्णालयात न्यायची वेळ आली तर एक प्रौढ त्याच्याबरोबर जातो आणि उरलेल्या २३ मुलांजवळ तरीही तिघे राहतात. अर्जात हे कारण लिहिले तर चौथ्या शिक्षकाच्या रजेवर सहसा प्रश्न येत नाही.

वन विभागाचा अर्ज

अर्ज ‘उपवनसंरक्षक (वन्यजीव), राष्ट्रीय मरु उद्यान, जैसलमेर’ यांच्या नावे, हिंदीत, शाळेच्या लेटरहेडवर करावा. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने हे अभयारण्य आहे. १९८० साली जाहीर झालेले, ३,१६२ चौरस किलोमीटरचे, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ठरावीक कारणांसाठीच मिळते. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन ही त्यातली. म्हणून विषयात ‘सहल’ असे मोघम न लिहिता ‘विद्यार्थ्यांचा वन्यजीव अभ्यास, दिवसाची भेट’ असे लिहा.

‘दिवसाची भेट’ हे शब्द महत्त्वाचे. अर्जात तंबू, शेकोटी, रात्रीचा मुक्काम आला की तो परत आलाच म्हणून समजा. मुक्काम जैसलमेर शहरात किंवा हद्दीबाहेरच्या गावात ठेवा. इथे एक मेख आहे. जैसलमेरजवळच्या सम आणि खुडी भागातले काही धोरे (वाळूच्या टेकड्या) आणि वस्त्या अभयारण्याच्या हद्दीत किंवा अगदी लगत येतात. रिसॉर्टवाला ‘आमच्याकडे सगळे चालते’ म्हणाला तरी जागेचे अक्षांश-रेखांश मागून घ्या आणि ती हद्दीत नाही ना, हे वन कार्यालयाकडून पत्रातच विचारून घ्या.

अर्जासोबत जोडायचे कागद:

- मुलांची व प्रौढांची यादी: आधारवर आहे तसेच नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार
- तासवार कार्यक्रम
- गाड्यांचे क्रमांक व चालकांचे परवाने (स्थानिक जीप असेल तर पिवळ्या पाटीचीच)
- मुख्याध्यापकांचे पत्र व पथक नोंदणीची प्रत
- कॅमेऱ्यांची संख्या

यादी एकदा दिली की बदलू नये. शेवटच्या आठवड्यात एक मुलगा गळला आणि दुसरा आला, की नाक्यावर त्या एका नावापायी अख्खे पथक थांबते. दोन-तीन राखीव नावे ‘राखीव’ अशी नोंद करून सुरुवातीलाच द्यावीत.

तासवार कार्यक्रम हा अर्जाचा जीव आहे. ‘निसर्ग निरीक्षण, सकाळी ८ ते १२’ एवढे लिहून भागत नाही. असे लिहा: सुदासरी परिसरात ठरलेल्या वाटेवरून जीपमधून पक्षीनोंद, जीपमधून उतरणार नाही, ८ दुर्बिणी, फ्लॅश नाही. सुदासरी हा माळढोकचा भाग आहे. तिथे त्याला गोडावण म्हणतात. हा पक्षी जगात आता दीडशेहूनही कमी उरला असावा. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्याच नावाचे अभयारण्य आहे, तरी आपल्याकडे तो दिसणे दुरापास्त झाले आहे. मुलांना हे आधी सांगितले असेल तर जीपमध्ये शांत बसा, हे दोनदा सांगावे लागत नाही.

प्राण्यांच्या ठशांचे साचे, चौकट टाकून वनस्पती मोजणे, तापमानाची नोंद हे सगळे हद्दीबाहेरच्या वाळूवर करा. पहाटे सूर्य वर यायच्या आत गेलात तर रात्रीची सगळी ये-जा वाळूवर उमटलेली दिसते: भुंग्याची शिवणीसारखी दुहेरी रेघ, उंदराच्या उड्या, कोल्ह्याची सरळ ओळ. नऊ वाजता वारा सुटला की पाटी कोरी. ही वेळ कार्यक्रमात लिहिलेली असेल तर पहाटे पाचला गाडी मागवण्याचे कारण शाळेलाही पटते.

ड्रोन नेऊ नका. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे जीपीएस यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, सीमेजवळ तर मोठे प्रकरण होते. परदेशातून आलेल्या पालकाने प्रेमाने दिलेले असे यंत्र घरीच ठेवा. सोबतच्या कुणाकडे परदेशी पारपत्र किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर त्याची वेगळी परवानगी लागू शकते. अर्जातच तसे नमूद करा.

संघटना आणि शिक्षण विभाग

पथकाचा अर्ज जिल्हा कार्यालयाकडे, तिथून राज्य मुख्यालयाकडे जातो. शिक्षणाधिकाऱ्यांकडे मुख्याध्यापकांमार्फत स्वतंत्र प्रस्ताव द्यावा. दोन्हीकडे वन विभागाला दिलेला तोच कार्यक्रम, त्याच तारखा, तीच यादी. तफावत आढळली की फाइल शेरा मारून परत येते.

पालकांचे संमतीपत्र छापील नमुन्याचे चालवू नका. त्यात ठिकाण, तारखा, वाळवंटातले चालणे, जीपचा प्रवास आणि तातडीच्या उपचारांना संमती, हे स्पष्ट असावे. दोन फोन नंबर घ्यावेत. वैद्यकीय प्रमाणपत्र प्रवासाआधीच्या महिनाभरातले असावे. दमा असलेल्या मुलाकडे एक इनहेलर आणि शिक्षकांकडे दुसरा, कारण वाळूत पडलेला पंप कामाचा राहत नाही. विदर्भ, नंदुरबार, पालघर भागातल्या पथकांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची विचारणा न चुकता करावी. पाणी कमी पडणे आणि पहाटेची थंडी, दोन्हींनी त्या मुलांना वेदनेचा झटका येऊ शकतो.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि एका फॉर्मवर ६ जणच बसतात. २८ जणांना एकत्र जागा हव्यात तर स्थानकावर शाळेचे पत्र देऊन गट आरक्षणाची मंजुरी आधी घ्यावी.

सुरक्षा पत्रक

हे कुणी मागो न मागो, तिन्ही अर्जांना जोडा. पिण्यासाठी माणशी ५ लिटर, स्वयंपाक-भांड्यांसाठी ३ लिटर. २८ जणांना रोजचे २२४ लिटर, म्हणजे २० लिटरचे १२ जार. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुले पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोके धरून बसतात. संघनायकाने दर तासाला आपल्या संघाला पाणी पाजायचे, असे पत्रकातच लिहा.

फुरसे तिथेही आहे. घोट्यावर जाणारे बूट, रात्री बॅटरी आणि सकाळी बूट झटकून घालणे हे नियम. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काही नाही. अवयव हलू न देता थेट जैसलमेरच्या जवाहिर चिकित्सालयात. समपासून अंतर साधारण ४० किलोमीटर, म्हणून एक गाडी चालकासह कायम मुक्कामावर उभी हवी. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

निघण्याच्या १५ दिवस आधीपर्यंत वन विभागाचे लेखी उत्तर आले नाही, तर सुदासरी कार्यक्रमातून काढा आणि सुधारित पत्रक तिन्ही ठिकाणी पाठवा. त्या दिवशी बाडमेर रस्त्यावरचे आकल जीवाश्म उद्यान ठेवता येते. शहरापासून १७ किलोमीटरवर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे उघड्यावर आहेत, आणि तिकीट दारातच मिळते. तिथला खडाही उचलायला मनाई आहे, हे मुलांच्या दप्तरात खडे जाण्याआधीच सांगा.