अंदमान समुद्रातील अंतर्लाटा

अंदमान समुद्रातील अंतर्लाटा : समुद्राच्या पृष्ठभागाखाली, हलक्या व जड पाण्याच्या सीमेवरून सरकणाऱ्या मोठ्या लाटा. अंदमान–निकोबारची बेटे आणि मलाया द्वीपकल्प यांच्यामधल्या या समुद्रात त्या विशेष जोमदार असतात.

बाटलीत थोडे पाणी व त्यावर तेल घेऊन ती आडवी धरून हलकेच कलती केली, तर दोहोंच्या सीमेवर संथ, फुगीर लाट उठते. तेलाचा माथा मात्र फारसा हलत नाही. समुद्रातही वर उबदार, कमी खारे पाणी आणि खाली थंड, जड पाणी असते. इरावती नदीचे गोडे पाणी इथला वरचा थर आणखी हलका करते. भरती-ओहोटीचे पाणी बेटांमधल्या बुडालेल्या उंबरठ्यांवरून, म्हणजे तळावरच्या उंचवट्यांवरून, लोटले की ही सीमा खाली दबते व तो दाब लाटांच्या तांड्याने पूर्वेकडे निघतो. उधाणाच्या दिवसांत तांडे मोठे असतात, भांगाला (भरती-ओहोटी मंद असते तेव्हा) लहान.

1980 मध्ये ऑस्बर्न आणि बर्च या संशोधकांनी इथल्या मोजमापांवरून सुमारे 60 मीटर उंचीच्या लाटांची नोंद प्रसिद्ध केली. वेग सेकंदाला दोन मीटरांच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. जहाजावरून दिसतो तो खवळलेल्या पाण्याचा क्षितिजापर्यंत गेलेला पट्टा, आणि तो सरला की मागे आरशासारखे शांत पाणी. 1975 च्या अपोलो–सोयूझ या अमेरिका–सोव्हिएत संयुक्त अंतराळ मोहिमेतील अंतराळवीरांनी हेच पट्टे वरून टिपले.

उंचीचे आकडे डोळे दिपवतात, पण या लाटांचे खरे महत्त्व त्या मोडतात तेव्हा कळते. उथळ उतारावर लाट कलंडते, तिचे लहान-लहान भोवरे होतात आणि थर एकमेकांत मिसळतात. या खळबळीला संक्षोभ म्हणतात. तिच्यामुळे खालचे पोषक क्षार उजेडात येतात आणि वरची उष्णता खोल उतरते. संक्षोभ मोजणारे उपकरण पाण्यात मोकळे सोडतात. पडताना ते सेंटिमीटरभर अंतरातले वेगाचे फरक टिपत जाते.

थायलंडच्या सिमिलान बेटांच्या पश्चिम कडेला लाटा येऊन धडकल्या की काही मिनिटांत पाणी कित्येक अंशांनी गार होते. अशा माऱ्यामुळे तिथे प्रवाळांचे खडक नीट बांधले जात नाहीत. तरीही 2010 च्या उष्ण पाण्यात पूर्व कडेचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, तेव्हा या गार पाण्यातले बरेच तगले.