कायटनच्या बरणीवरचं लेबल

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिंपला आणि गोगलगाय यांच्या मधोमध कायटन या समुद्री प्राण्याची एक बरणी आहे. फॉर्मॅलिन उडून उडून निम्म्यावर आलंय, प्राणी पिवळट पडलाय, पण पाठीवरच्या आठ पट्ट्या अजून लख्ख मोजता येतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंगला, म्हणजे नमुना पाहून ओळखायला, ही बरणी हमखास टेबलावर येते. पोरं पट्ट्या मोजतात, 'मृदुकाय संघ' लिहितात, मार्क घेऊन पुढच्या टेबलाकडे सरकतात. बरणीवर चिकटवलेल्या कागदावर शाईनं एकच शब्द आहे : कायटन. कुठल्या किनाऱ्यावरचा, कुठल्या साली धरला, काहीच नाही.

लातूरसारख्या ठिकाणी, जिथून समुद्र गाठायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं, तिथे हा तपशील कुणाला खटकला नाही यात नवल नाही. पण अरबी समुद्रात कायटनच्या कोणत्या जाती आहेत आणि त्या कुठे कुठे राहतात, या प्रश्नाचा सगळा इतिहास अशा लेबलांवर उभा आहे. कुणी कुठे वाकून पाहिलं आणि पाहिलेलं लिहून ठेवलं, तेवढाच नकाशा भरला. बाकीचा कोरा.

आधी प्राण्याची ओळख. मराठवाड्यात मृदुकाय म्हटलं की आता पहिल्यांदा आठवते ती शंखी गोगलगाय. २०२२च्या खरिपात तिनं लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनची कोवळी रोपं साफ केली होती. कायटन तिचा दूरचा भाऊबंद, पण वळण वेगळं. त्याला एक सलग शंख नसतो. पाठीवर एकावर एक चढलेल्या आठ पट्ट्या, त्यांच्या भोवती कातड्यासारखा जाड काठ, आणि खाली रुंद चपटा पाय. खडकावरून ओरबाडून काढला की तो पोटाकडे वळून गोळा होतो. रत्नागिरीच्या सहलीत पहिल्यांदा कायटन हातात घेतलेला आमच्याकडचा एक पोरगा ओरडला होता, "सर, ह्यो तर वाणीवानी गोळा व्हायलाय की!" पावसाळ्यात बांधावर पायाशी येणारी, हात लावला की पैशासारखी गुंडाळणारी वाणी ज्यानं पाहिलीय, त्याला कायटन समजावून सांगायला याहून चांगली उपमा नाही. मी तेव्हापासून वर्गात हीच वापरतो.

हा प्राणी जुना आहे. त्याच्या कुळाचे जीवाश्म कँब्रियन काळाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळपास ५० कोटी वर्षं मागे जातात. आज जगात त्याच्या ९००हून जास्त जाती ज्ञात आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या समुद्रात राहणाऱ्या. गोड्या पाण्यात एकही नाही, म्हणून गोदावरी किंवा मांजरेत कायटन शोधायला जाऊ नये. तिथे शिंपले मिळतील, खुबे मिळतील, हा नाही.

त्याला मराठीत रूढ असं नाव सापडत नाही, आणि मला त्यातच एक गोष्ट दिसते. पैठण आणि तेर ही आपली दोन गावं दोन हजार वर्षांपूर्वी समुद्राच्या व्यापाराशी जोडलेली होती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून माल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तिकडून उलट वाटेनं शंख आला. शंखाच्या बांगड्या आणि मणी आपल्याकडच्या उत्खननांत मिळतात. जे कामाचं होतं ते घाट चढून आलं, त्याला नाव मिळालं, पूजेत जागा मिळाली. कायटनच्या पट्ट्यांची बांगडी होत नाही, तो बाजारात विकायला येत नाही. मग त्याचं नाव कोण ठेवणार?

नाव ठेवलं लिनिअसनं, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञानं, १७५८ साली. 'खितॉन' हा ग्रीक शब्द, अर्थ अंगरखा. पण त्यानं या अंगरखेवाल्याला बसवलं भलत्याच पंगतीत. एकाहून जास्त कवचं असलेले म्हणून खडकाला चिकटणारे बार्नॅकल आणि लाकूड-दगड पोखरणारे फोलास यांच्याबरोबर. बार्नॅकल हे खरं तर खेकड्या-कोळंबीच्या कुळातले. कवच मोजून नातं ठरवण्याची ही खोड पुढे बराच काळ सुटली नाही. आमची पोरं परीक्षेत पट्ट्या मोजतात तेव्हा मला लिनिअस आठवतो.

अरबी समुद्राकडे युरोपातल्या अभ्यासकांची नजर वळली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ती पश्चिमेकडून आली. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला; त्याच वर्षी आर्तुरो इसेल या इटालियन अभ्यासकाचा तांबड्या समुद्रातल्या मृदुकायांवरचा ग्रंथ निघाला. १८९१मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या एडगर स्मिथनं एडनच्या शिंपल्यांची यादी छापली आणि त्यात एका नव्या कायटनला एडनचंच नाव दिलं. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांबद्दल अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १८९३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं.

यातला माझा आवडता माणूस म्हणजे एफ. डब्ल्यू. टाउनसेंड. हा प्राध्यापक नव्हता, समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल सांभाळणाऱ्या बोटीवरचा अधिकारी होता. इराणचं आखात, ओमानचं आखात, कराची, मकरान हा त्याचा रोजचा रस्ता. केबल तपासायला बोट थांबली की हा शिंपले गोळा करायचा. १८९३ ते १९०० या काळात त्यानं जमवलेल्या मालावरून मेलव्हिल आणि स्टँडन यांनी १९०१मध्ये अरबी समुद्राच्या मृदुकायांची जी यादी छापायला सुरुवात केली, ती पुढे कित्येक वर्षं आधाराला धरली गेली. म्हणजे आपल्या समुद्रातल्या प्राण्यांच्या पहिल्या नकाशांपैकी एक तारेच्या मार्गानं आखला गेला. तार जिथून गेली तिथली नोंद झाली.

मोठ्या मोहिमांचं मात्र कायटनशी फारसं जमलं नाही. १९३३-३४मध्ये 'मबाहिस' या बोटीतून निघालेली जॉन मरे मोहीम अरबी समुद्र पिंजून गेली. १९५९ ते १९६५ दरम्यान आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १९६६मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. त्यांचं काम मोठंच. पण जहाज खोल पाण्यात चालतं आणि आपल्याकडचे बहुतेक कायटन राहतात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाच्या खालच्या अंगाला. तिथे जहाज काय कामाचं? चपला काढून वाकावंच लागतं. रोनाल्ड विंकवर्थनं १९२७मध्ये एडन आणि दक्षिण भारतातले नवे कायटन वर्णन केले, त्यात केरळच्या किनाऱ्यावरच्या माहे गावाचं नाव घेतलेली एक जात आहे. पुढे बेल्जियमचा यूजीन लेलू हिंदी महासागरातल्या कायटनवर सविस्तर लिहीत राहिला. १९८५पासून कास आणि व्हान बेले या जोडीनं जगभरच्या जिवंत कायटनवर खंडामागून खंड काढले, तेव्हा इतकी वर्षं विखुरलेली वर्णनं पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून तपासता आली.

आता मराठवाडा. निजामाच्या राज्याला त्या काळात किनाराच नव्हता. इथली कॉलेजं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. १७ सप्टेंबर १९४८ला मुक्ती मिळाली, २३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. या समुद्र नसलेल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम यांच्या हाताखाली पाण्यातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरक्रियेवर काम करणारी एक सबंध पिढी तयार झाली. खेकडे, जळवा, नदीतले शिंपले हे जवळ मिळणारे प्राणी तर होतेच, पण ही मंडळी कोकणच्या किनाऱ्यापर्यंतही गेली. १९८२ साली 'मरीन बायॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नागभूषणम आणि यू. डी. देशपांडे यांचा निबंध आला : 'कायटन इयाट्रिकस' या जातीचं प्रजननचक्र आणि त्यावरचा परिस्थितीचा ताबा. पत्ता औरंगाबादचा.

हा विषय ऐकायला कोरडा वाटेल. पण प्रजननचक्र काढायचं म्हणजे वर्षभर, पावसाळ्यासकट, पुन्हा पुन्हा त्याच खडकांवर जाऊन प्राणी आणायचे, उघडायचे, जननग्रंथींचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. एकदा येऊन शिंपले वेचून जाणाऱ्याला जात कळते. ती जात तिथे कशी टिकते ते अशा चिकाटीच्या कामातूनच कळतं. कायटनचे नर-मादी बहुधा वेगळे असतात आणि अंडी-शुक्राणू पाण्यातच सोडले जातात. त्यांची पिल्लं पाण्यात तरंगतात ती थोडेच दिवस आणि तेवढ्या काळात खातही नाहीत, अंड्यातल्या शिदोरीवरच भागवतात. म्हणजे फार लांब जाणं त्यांना परवडत नाही. खडक वेळेत सापडला तर ठीक.

अरबी समुद्रात कायटन कुठे आढळतो आणि कुठे नाही, याची किल्ली मला इथे दिसते. ओमान, मकरान, कराची, सौराष्ट्र, मुंबई, कोकण, कारवार, माहे असा किनारा नकाशावर सलग दिसतो. कायटनच्या दृष्टीनं तो तुटक आहे. सौराष्ट्राचा खडकाळ भाग संपला की खंभातचं गढूळ, चिखलाचं आखात आडवं येतं. कोकणात एक भूशिर, मग पुळण, मग खाडी, मग पुन्हा भूशिर. पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा लोंढा येऊन पाण्याचा खारटपणा उतरतो, तोही अडसरच. त्यामुळे एखाद्या भूशिरावर दगडागणिक कायटन आणि पलीकडच्या पुळणीवर औषधालाही नाही, असं दिसतं.

खडकाचीच गोष्ट निघाली तर आणखी एक. रत्नागिरीला वर जांभा दिसतो, पण लाटांच्या तोंडाशी जो काळा पाषाण आहे तो आपल्या ओळखीचाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या दगडात कोरली, आपल्या विहिरी ज्या दगडाला सुरुंग लावून खोदल्या, त्याच दख्खनच्या पाषाणाचं हे पश्चिमेकडचं टोक. आमच्या पोरांना समुद्र परका वाटतो, दगड नाही.

या दगडावरचं शेवाळ खरवडून खायला कायटनच्या जिभेवर दातांच्या रांगा असतात, आणि त्यातल्या मोठ्या दातांवर मॅग्नेटाइटचं, म्हणजे चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचं टोपण असतं. हे १९६२मध्ये हाइन्झ लोवेनस्टामनं दाखवून दिलं. सजीव प्राणी असं खनिज स्वतःच्या अंगात घडवतो, यावर तेव्हा सहज कुणी विश्वास ठेवला नसता. वर्गात दाखवायला सोपं आहे. जीभ काढून धुऊन वाळवायची, कागदावर ठेवायची, कागदाखालून साधं चुंबक फिरवायचं. ती काळी रेघ सरकते. बाकांवरून उठून पोरं टेबलाभोवती गर्दी करतात ती वर्षातून याच एका तासाला. डोळ्यांची कथा तर आणखी अजब. काही कायटनच्या पाठीवरच्या पट्ट्यांतच बारीक डोळे असतात, हे मोझलीनं १८८५मध्ये मांडलं. त्यांची भिंगं अ‍ॅरागोनाइट या खनिजाची आहेत, हे २०११मध्ये सिद्ध झालं. पण ते चुंबकासारखं हातानं दाखवता येत नाही, म्हणून तासात मागे पडतं.

कायटन धरायला दिवस निवडावा लागतो. कोकणातल्या मच्छीमारांचा हिशेब आम्ही पोरांना बसमध्येच शिकवतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. मग साधारण सहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, ओहोटी. कालनिर्णय आमच्याकडे घरोघर असतंच, फक्त ते समुद्रासाठी कुणी उघडलेलं नसतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी दूरवर उतरते आणि एरवी पाण्याखाली असणारे दगड मोकळे होतात. दगड हळूच उलटायचा. खालच्या ओलसर बाजूला कायटन दिसला तर बोटानं चाचपायचं नाही. एकदा त्याला चाहूल लागली की काठ खडकाला असा घट्ट बसतो की पट्ट्या तुटतील पण तो सुटणार नाही. सुरीचं पातं एका झटक्यात खाली सरकवायचं, पहिल्याच स्पर्शाला. आणि दगड पुन्हा होता तसा पालथा ठेवायचा. हे शेवटचं सांगून सांगून घसा बसतो. जपून ठेवायचा कायटन काचपट्टीला दोऱ्यानं सपाट बांधून ठेवतात, नाहीतर बरणीत वाणीसारखा गोळा होऊन बसतो आणि पट्ट्या मोजणं मुश्कील.

अलीकडे आम्ही प्राणी आणत नाही, फोटो आणतो. मुंबईत २०१७पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'सारख्या गटांच्या किनारा-फेऱ्यांमुळे गिरगाव-हाजीअलीच्या खडकांवरच्याही नोंदी तारीख-वारासकट जमू लागल्या. फोटोवरून कायटनची जात नक्की सांगणं मात्र दरवेळी जमत नाही. काठावरचे खवले, पट्ट्यांवरची नक्षी, दातांची ठेवण पाहावी लागते आणि ती भिंगाखालीच दिसते. म्हणून जुन्या संग्रहांची किंमत उरतेच, अर्थात लेबल असेल तर.

गेल्या वेळी सहलीहून परतल्यावर एका पोरीनं त्या जुन्या बरणीकडे बोट दाखवून विचारलं, "सर, हा कुठला?" मी साठ्याची वही काढली. पुरवठादाराचं नाव होतं, किंमत होती, नगांची संख्या होती. तिनं एका चिठ्ठीवर पेननं 'स्थळ : नोंद नाही, तारीख : नोंद नाही' असं लिहिलं, जुन्या कागदाखाली चिकटवलं आणि बरणीत गळ्यापर्यंत फॉर्मॅलिन भरलं.