गोंगाटातला दुभाषी: एकेरी यंत्र की दुहेरी?

बोलणे ओळखायचे, त्याचे भाषांतर करायचे आणि ते बोलून दाखवायचे, ही साखळी प्रयोगशाळेत 1990च्या दशकातच जुळली होती. तिचा खरा कस लागला तो 2001 नंतर, अफगाणिस्तानात. इंजिनांच्या घरघरीत अमेरिकी सैनिकांच्या हाती 'फ्रेझलेटर' नावाचे बोलके यंत्र आले. मूळ कल्पना नौदलाच्या एका डॉक्टरची. 1991च्या आखाती युद्धात अरबी बोलणारे रुग्ण तपासताना त्याला ती सुचली.

या यंत्राला सर्रास 'भाषांतर यंत्र' म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. ते भाषांतर करतच नसे. सैनिकाचे इंग्रजी वाक्य साठवलेल्या वाक्यांशी ताडून पाहायचे आणि जुळले की माणसाच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित केलेले पश्तो किंवा दारी वाक्य वाजवायचे, एवढेच त्याचे काम. गोंगाटात माणूस नुसता मोठ्याने बोलत नाही, त्याचे स्वरही बदलतात. एका फ्रेंच डॉक्टरने हे 1911 मध्येच नोंदवले होते. अशा आवाजातला प्रत्येक शब्द टिपायचा म्हटले, तर एक चुकलेला शब्द पुढचे सगळे भाषांतर बिघडवतो. ठरलेल्या वाक्यांतून एक निवडायचे असेल, तर एखादा शब्द हुकला तरी निभावते. त्या काळातल्या यंत्रांचा वकूब पाहता ठरलेल्या वाक्यांवरच थांबण्याचा निर्णय बरोबरच होता.

पण त्याची किंमत समोरच्याने मोजली. 'कुठे दुखतंय, बोट दाखवा' हे चालायचे. 'किती दिवस झाले?' याचे उत्तर बोटांवर मोजून देता यायचे. 'काय झालं ते सांगा' हा प्रश्न मात्र बादच, कारण उत्तर ऐकणारे कोणी नव्हते. यंत्र एकेरी होते म्हणून प्रश्नही तेवढेच उरले. दुभाषा हाताशी नसलेल्या जखमी माणसाची ही कोंडी त्या निर्णयाच्या कौतुकात फार कमी वेळा सांगितली जाते.

2006च्या सुमारास अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'ट्रान्सटॅक' प्रकल्पाने इराकी अरबीसाठी दुहेरी संभाषणाचा ध्यास घेतला. तरीही 2015च्या अखेरीस जपानच्या नारिता विमानतळावर भाषांतर करणाऱ्या कर्ण्याची चाचणी झाली, तेव्हा गर्दीसाठी पुन्हा सुमारे 300 ठरलेल्या वाक्यांचाच आधार घेतला गेला.

2017 मध्ये कानात घालायच्या इअरबड्समधून भाषांतर आले. घालणाऱ्याचा आवाज त्याच्या कानाजवळचा माईक टिपायचा. समोरच्याला मात्र पुढे धरलेल्या फोनमध्ये बोलावे लागे.