तार मुकी, तबली बोलकी

इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता छेडून बघा. शेजारच्या खोलीत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ताणलेली तार कितीही थरथरली तरी ती इतकी बारीक असते की हवा तिच्या अंगावरून सटकून पलीकडे जाते, ढकलली जातच नाही. कानाला ऐकू येईल एवढी हवा हलवायची तर रुंद काहीतरी हललं पाहिजे. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तर भोपळा आणि त्यावरची तबली, म्हणजे पातळ लाकडी झाकण, यांत त्यांचा सगळा जीव. गिटारचंही तेच. तिचे जे प्रकार झाले, ते बहुतेक याच एका अडचणीतून झाले: तारेतली थरथर हवेपर्यंत पोचवायची कशी?

तारेचा स्वर कशावर ठरतो हे मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्ये नियमात बसवलं. लांबी अर्धी केली की स्वर एक सप्तक वर जातो. ताण वाढवून तेवढाच चढवायचा असेल तर तो चौपट करावा लागतो. तार जड केली की स्वर उतरतो. गिटारच्या सहाही तारा साधारण ६५ सेंटिमीटरच्याच, तरी सर्वांत खर्जातली सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक ३३० वेळा. हा फरक वजन आणि ताण यांचा.

आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो, तिला हे रूप दिलं स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने (१८१७–१८९२). त्याने पेटी मोठी केली, वरची तबली पातळ ठेवली आणि आतून पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. तबली मोकळी हलावी पण ताणाने वाकू नये, ही कसरत. १८६२ मध्ये त्याने एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचा मोठा वाटा तबलीचा असतो, हे दाखवायला याहून सरळ प्रयोग मला तरी माहीत नाही. तेव्हा तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं.

पोलादी तारेच्या अकूस्टिक गिटारची गोष्ट अमेरिकेतली. तबलीखाली फुलीसारख्या दोन पट्ट्या बसवायची पद्धत तिथे मार्टिन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुळवली आणि पुढे पोलादी तारांना तीच मानवली. कारण ताण. नायलॉनच्या सहा तारा मिळून घोडीला, म्हणजे तारा जिथे अडकतात त्या तबलीवरच्या लाकडी तुकड्याला, जवळपास ४० किलोने ओढतात, पोलादी तारा ७० किलोच्या वर. म्हणजे एक धडधाकट माणूस घोडीला रात्रंदिवस लोंबकळतोय म्हणा. म्हणून पोलादी तारांच्या गिटारीच्या मानेत सहसा लोखंडी सळई घातलेली असते, क्लासिकलमध्ये बहुधा नसते. ‘तार तुटली, हीच घाल की’ म्हणून क्लासिकल गिटारवर पोलादी तारा चढवल्या की काही महिन्यांत घोडी उचकटते नाहीतर मान वाकते. ओळखायला सोपं आहे: क्लासिकलच्या घोडीवर तारा गाठ मारून बांधलेल्या असतात, पोलादी तारांच्या गिटारवर बहुतेक वेळा छोट्या खुंट्या ठोकून अडकवलेल्या.

तबली स्प्रूस किंवा सीडरची, थंड मुलखातल्या झाडांची. पण पाठ आणि बाजू? जगातल्या नामांकित गिटारींची पाठ कितीतरी वेळा शिसवीची असते, सह्याद्रीतल्या ओल्या रानात वाढणाऱ्या शिसवीची. खानापूर, लोंढा, दांडेली या पट्ट्यातल्या जुन्या घरांत पलंग आणि देव्हारे ज्या काळ्या-तांबूस लाकडाचे दिसतात, तेच ते. पूर्वी ब्राझीलची शिसव चाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्या देशाने ओंडके बाहेर पाठवायला बंदी केली आणि १९६९ पासून मार्टिनने नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव धरली. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याखाली आला. वाद्यवाल्यांची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

बेळगावच्या दुकानात चार-पाच हजारांना मिळणारी गिटार अर्थातच शिसवीची नसते, प्लायवूडची असते. त्याबद्दल नाक मुरडू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लायवूडच जास्त टिकाव धरतं. अस्सल लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सोसते. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला ती कितीतरी वर असते. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, तबली पोट आल्यासारखी वर येते, घोडीही वर उचलली जाते आणि तारा बोटं दाबायच्या पट्टीपासून लांब जातात. मग दाबायला जोर लागतो. पोर म्हणतं बोटं दुखतात, आणि आई समजते शिकायचा कंटाळा आलाय. बाहेरच्या ओल्या भिंतीला गिटार टांगू नये, ती ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद ठेवावी, एवढ्याने बरंच भागतं.

आवाज आणखी मोठा हवा म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेत तबलीऐवजी ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवलेली रेझोनेटर गिटार निघाली. पण तबलीची कटकटच संपवली ती विजेने. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्वच हे. नायलॉनची तार इथे काहीच कामाची नाही, चुंबकाला ती दिसतच नाही. पोकळ पेटीचीही गरज संपली, म्हणून १९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने भरीव लाकडाच्या गिटारी बाजारात आणल्या. चार जाड तारांची, एक सप्तक खाली बोलणारी बेस गिटार १९५१ ची.

गणपतीच्या मांडवात ऑर्केस्ट्रा सुरू होण्याआधी स्पीकरमधून जो ‘हूंऽऽ’ येतो, त्याला बऱ्याचदा हेच वेढे जबाबदार असतात. आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, वीज ते गोळा करतात. शेजारी उलट्या वेढ्याचं आणि उलट्या चुंबकाचं दुसरं गुंडाळं ठेवलं तर तारेचा आवाज राहतो आणि हूं कापला जातो. १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने हे साधलं, आणि त्या जोडगुंडाळ्याला हंबकर नाव पडलं.

हे सगळं झालं आवाजाचं. पण कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून धारवाडपर्यंत कान तयार झालेल्या श्रोत्याची तक्रार वेगळीच असते: गिटार गंधारात खुपते. ती खरी आहे. गिटारवरच्या फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, पक्क्या ठोकलेल्या. प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीचा सुमारे ५.६ टक्के भाग कापते, अशा बारा फ्रेट झाल्या की तार बरोबर अर्धी. हे गणित सोयीचं, कारण कुठल्याही पट्टीत तेच बोट चालतं. पण षड्ज २२० हर्ट्‌झ धरला तर तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार २७५ चा, आणि चौथ्या फ्रेटवरचा सुमारे २७७ चा. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होतो, आणि ही थरथर शांत बैठकीत स्पष्ट कळते. हार्मोनियमवर जो जुना आरोप आहे, तोच हा.

यातून वाट निघाली हवाई बेटांवरच्या वाजवण्याच्या पद्धतीतून. गिटार मांडीवर आडवी, तारांवरून फिरणारी लोखंडी सळई आणि फ्रेट नावापुरत्या. मग मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी तशी आणि गंधार हवा तिथे. जगातली पहिली चालली अशी इलेक्ट्रिक गिटारसुद्धा, रिकनबॅकर कंपनीची, याच मांडीवरच्या जातीची होती. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी या गिटारवर रागदारी रुजवली. विश्वमोहन भट्टांनी तिला चिकारी (मधूनमधून छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहन वीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. नुसतं करून बघायला मात्र वेगळं वाद्य विकत घ्यावं लागत नाही. साध्या पोलादी तारांच्या गिटारच्या वरच्या टोकाला तारांखाली उंच पट्टी सरकवायची, तारा फ्रेटपासून उचलल्या गेल्या की सळई धरायची आणि शेजारी तंबोऱ्याचं ॲप सुरू ठेवायचं.