जामीनबाँड, गृहसुधारणा कंत्राटदारांचा

घराची दुरुस्ती, वाढीव बांधकाम किंवा अंतर्गत फेरबदल करणाऱ्या कंत्राटदाराने परवाना मिळवताना व टिकवताना जामीनदार कंपनीकडून करून घेऊन परवाना-अधिकाऱ्याकडे दाखल करावयाचा हमीलेख. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील असून नियम राज्यागणिक बदलतात. येथे कॅलिफोर्नियाचा नमुना धरला आहे. तेथे 1929 मध्ये स्थापन झालेले काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड हे काम पाहते.

पूर्वपीठिका : जामीनकीचा उगम कोठला, याबद्दल एकमत नाही. व्यापारी पुस्तिकांत मेसोपोटेमियातील इ.स.पू. 2750 च्या सुमाराची एक मृत्तिकापट्टिका आद्य पुरावा म्हणून सांगितली जाते. हा काळ सावधपणेच घ्यावा. प्रकारभेदाच्या दृष्टीने याज्ञवल्क्य स्मृतीतील ‘दर्शने प्रत्यये दाने प्रातिभाव्यं विधीयते’ हे वचन अधिक उपयोगी आहे. माणूस हजर करण्याची हमी ती दर्शन, तो विश्वासू असल्याची हमी ती प्रत्यय आणि त्याचे देणे फेडण्याची हमी ती दान. पहिल्या दोहोंत हमी खोटी ठरल्यास जामीनदाराने स्वतः भरावयाचे, तिसरीत मात्र त्याच्या मुलांवरही भार येतो. स्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी इ.स.पू. 100 ते इ.स. 300 असा धरला. अलीकडे काही अभ्यासक तो गुप्तकाळात, चौथ्या-पाचव्या शतकाकडे आणतात.

सरकारी बांधकामांवरील अमेरिकन बाँड (हर्ड कायदा, 1894, त्याच्या जागी मिलर कायदा, 1935) काम पूर्ण होण्याची व पुरवठादारांचे पैसे मिळण्याची हमी देतात, म्हणजे ते ‘दाना’च्या जवळचे. परवाना-बाँड त्या वंशातला दिसत असला, तरी तो ‘प्रत्यया’चा प्रकार मानणे अधिक सयुक्तिक वाटते : कंत्राटदार परवाना-कायदा पाळेल, एवढेच तो सांगतो. अर्धवट राहिलेले स्वयंपाकघर कंपनी पुरे करून देईल, ही समजूत येथेच चुकते.

रक्कम : 1 जानेवारी 2023 पासून कॅलिफोर्नियात 25,000 डॉलर, त्यापूर्वी 2016 पासून 15,000 होती. परवान्याची पात्रता ज्याच्या अनुभवावर मिळाली तो माणूस मालक नसून पगारी असेल, किंवा कंत्राटदार कंपनीचा अधिकारी असूनही त्याच्याकडे मताधिकार असलेल्या भागांपैकी (शेअरपैकी) 10 टक्क्यांहून कमी असतील, तर त्याच्या नावे आणखी 25,000 डॉलरचा बाँड लागतो. मर्यादित दायित्व कंपनीला (एलएलसी) याशिवाय कामगारांच्या वेतनासाठी 1,00,000 डॉलरचा.

ही रक्कम कामागणिक नसते. सर्व दावेदारांत मिळून एकच. एका कंत्राटदाराविरुद्ध तीन कुटुंबांचे प्रत्येकी 18,000 डॉलरचे दावे सिद्ध झाले, तर 54,000 च्या मागणीपुढे 25,000 उभे राहतात आणि प्रमाणशीर वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 8,333 डॉलर येतात. राहत्या घरमालकांखेरीज इतरांना, उदा. पुरवठादारांना, मिळून 7,500 डॉलरपर्यंतच मिळू शकतात. उरलेले घरमालकांसाठी राखीव.

दाखल करण्याची रीत : राज्याच्या विमा-आयुक्तांची मान्यता असलेल्या कंपनीचाच बाँड चालतो. अर्जदाराची पत तपासून कंपनी वार्षिक हप्ता ठरवते. चांगली पत असल्यास तो रकमेच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास, पत ढासळलेली असल्यास त्याच्या कितीतरी पट. सोबत भरपाई-करारावर सही घेतात, बहुधा मालकाची व्यक्तिशः. कंपनीने दावा चुकता केला की तेवढे पैसे ती याच कराराने कंत्राटदाराकडून वसूल करते. विम्याशी साम्य हप्त्यापुरतेच.

बाँडवर कंपनीच्या मुखत्याराची सही हवी. धंद्याचे नाव आणि परवाना क्रमांक बोर्डाच्या नोंदीशी अक्षरशः जुळावे लागतात. ‘अँड सन्स’ एका ठिकाणी आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून कागद परत येऊ शकतो. बाँड अमलात आल्यापासून 90 दिवसांत तो बोर्डाकडे पोचल्यास मूळ तारखेपासून धरला जातो.

खंड पडल्यास : हप्ता थकला की कंपनी 30 दिवसांची सूचना देऊन बाँड रद्द करते व नवा नसेल तर परवाना निलंबित होतो. निलंबित काळातील काम विनापरवाना धरले जाते आणि येथे खरा फटका आहे. कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड या कायद्याच्या कलम 7031 नुसार अशा कंत्राटदाराला बिलासाठी दावा करता येत नाही; उलट घरमालक दिलेले पैसे परत मागू शकतो, काम उत्तम झालेले असले तरी. काही अटींवर न्यायालय सूट देते, पण त्या अटी अरुंद आहेत. काही शे डॉलरच्या हप्त्यापायी संपूर्ण कामाचे बिल बुडते ते असे.

दावा : घरमालकाने बोर्डाच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक घालून जामीनदार कंपनीचे नाव व बाँड क्रमांक पाहावा आणि कंपनीला लेखी कळवावे. करार, दिलेल्या रकमांच्या पावत्या, छायाचित्रे, दुसऱ्या कंत्राटदाराचा दुरुस्तीचा अंदाज जोडावा. कायद्याचे उल्लंघन दाखवावे लागते. नुसती नापसंती पुरत नाही. सर्वांत सहज सिद्ध होणारे उल्लंघन उचलीचे : गृहसुधारणेच्या करारात आगाऊ रक्कम 1,000 डॉलर किंवा कराराच्या 10 टक्के, यांतील जी कमी तिच्यापुढे घेता येत नाही. 30,000 डॉलरच्या कामावर 10,000 आधी मागणारा कंत्राटदार तेथेच कायदा मोडतो.

इतर राज्ये : वॉशिंग्टनमध्ये 1 जुलै 2024 पासून सर्वसाधारण कंत्राटदारासाठी 30,000 व विशेष कामाच्या कंत्राटदारासाठी 15,000 डॉलर (पूर्वी 12,000 व 6,000). न्यूयॉर्क शहरात 20,000 डॉलरचा बाँड किंवा 200 डॉलर भरून शहराच्या न्यास-निधीत सहभाग, असा पर्याय आहे. मेरीलंडमध्ये कंत्राटदारांच्या वर्गणीतून हमी-निधी चालतो.

भारतात जामीनकीचे सर्वसाधारण तत्त्व 1872 च्या करार कायद्यात आहे (हमीची व्याख्या कलम 126, जामीनदाराचा वसुलीचा हक्क कलम 145). विमा कंपन्यांच्या जामीनबाँडना एप्रिल 2022 पासून नियमावली लागू झाली; तिचा रोख पायाभूत प्रकल्पांवर आहे, घरदुरुस्तीच्या कामांवर नाही.