स्टिकर वेगळा, सीट वेगळी: मोटोक्रॉसमधला 'सपोर्ट' आणि 'राइड'

आमच्या भाच्याला एका दुकानाने हेल्मेट आणि नी ब्रेसवर वीस टक्के सूट दिली, बदल्यात त्याच्या 85 सीसीच्या मोटोक्रॉस बाइकवर (मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची रेस) दुकानाचा स्टिकर, एवढाच व्यवहार. दाजींनी संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "पोरगा प्रो झाला, टीमने घेतला." अभिनंदनाचा पाऊस. मी खाली लिहिलं, दाजी, ही राइड नाहीये, हा सपोर्ट आहे, तर दाजी दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. म्हणून इथे नीट लिहितो, कारण पुण्यात हल्ली बऱ्याच घरांत पोरं डर्ट बाइकवर बसतायत आणि हा घोळ सगळीकडे दिसतो.

माझी टेस्ट एकच. पोरगा पडला, गाडीचा चुराडा झाला, तर बिल कुणाच्या नावावर फाटतं? बापाच्या नावावर फाटत असेल तर तो सपोर्ट. टीमच्या नावावर फाटत असेल तर राइड.

सपोर्टमध्ये गाडी तुमचीच असते. फार तर स्वस्तात मिळते, वर्षाला अमुक पार्ट्सची सोय होते, गियर मिळतो. अमेरिकेत त्याच्या जोडीला कंटिन्जन्सी म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे त्या कंपनीची गाडी चालवून अमुक रेसला अमुक नंबर आणला तर कंपनी पैसे देते. नंबर नाही आला तर काही नाही. आणि मोटोक्रॉसच्या गाडीत किलोमीटर मोजत नाहीत, तास मोजतात, अवरमीटर लावलेला असतो आणि तेवढे तास भरले की पिस्टन बदला, हा खर्च गाडी उभी असल्याशिवाय थांबत नाही, आणि सपोर्टवाला तो सगळा उचलत नाही.

राइड म्हणजे नोकरी, सरळ भाषेत. करार असतो. रेसची गाडी टीमची, सरावाची गाडीपण टीमची, मेकॅनिक टीमचा, सस्पेन्शन सेट करणारा माणूस टीमचा, प्रवास त्यांचा, वर पगार आणि जिंकल्यावर बोनस. पण मग मर्जीपण त्यांची. अमेरिकेत सुपरक्रॉसला (स्टेडियममध्ये माती टाकून केलेल्या ट्रॅकवरची रेस) 250 सीसीचा क्लास ईस्ट आणि वेस्ट असा दोन भागांत चालतो, तर पोराने कुठल्या भागात पळायचं हे टीम ठरवते. आपल्याकडे सपोर्टवाल्या पोराचा बाप मेकॅनिकला शिव्या घालू शकतो. राइड मिळाली की बापाला पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम्सच्या तंबूंच्या जागेत, गप्प बसावं लागतं, आणि दाजींना ते जमेल असं मला अजिबात वाटत नाही.

आता घोळ होतो का, तर एक रस्ता दुसऱ्याला जाऊन मिळतो म्हणून. जेम्स स्टुअर्टचं बघा. लहानपणापासून कावासाकीच्या 'टीम ग्रीन' या हौशी पोरांच्या सपोर्ट प्रोग्रॅममध्ये होता, 2002 ला सोळाव्या वर्षी कावासाकीच्याच फॅक्टरी टीममधून (कंपनीची स्वतःची टीम) प्रो झाला आणि त्याच वर्षी 125 सीसीचं आउटडोअर, म्हणजे उघड्यावरच्या ट्रॅकवरच्या मोटोक्रॉसचं, टायटल मारलं. हे बघून सगळ्यांना वाटतं की स्टिकर लागला म्हणजे दहावी झाली, आता बारावी. तसं नसतं हो. अमेरिकेत टेनेसीला लॉरेटा लिन या गायिकेच्या रँचवर 1982 पासून दर वर्षी हौशी रायडर्सची नॅशनल होते, आधी क्वालिफायर काढायचे आणि मग प्रत्येक क्लासला गेटवर, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर, फक्त 42 जण. टीमवाले तिथे डोळे लावून बसलेले असतात. त्या 42 मधल्या बहुतेकांकडे कुणा ना कुणाचा सपोर्ट असतोच, पण राइड त्यातल्या मोजक्यांनाच.

सीट मोजक्या असण्याचं कारण साधं आहे, फॅक्टरी लेव्हलला गाड्या उतरवणाऱ्या कंपन्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात आणि प्रत्येकीकडे थोडेच रायडर. त्यात एक गंमत, 250 क्लास हा चढायची पायरी मानतात, म्हणजे वरचा पोरगा 450 सीसीच्या मोठ्या क्लासला गेला तरच खालची जागा रिकामी होते. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या एमएक्सटू (तिकडचा 250 सीसीचा) क्लासला तर 23 वर्षांची वयोमर्यादाच लावलीय, मग तिकडून बाहेर पडलेली पोरं 450 ची सीट शोधत फिरतात. कधी टीमच बंद होते, 'गायको होंडा' ही मोठी 250 ची टीम 2020 च्या शेवटी बंद झाली, चांगले टायटलवाले रायडर एका झटक्यात मोकळे. आणि केशरी गाड्यांची केटीएम कंपनी? नोव्हेंबर 2024 ला ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पैसे ओतून सावरलं कुणी, तर आपल्या आकुर्डीच्या बजाजने. म्हणजे तिकडच्या एखाद्या सोळा वर्षांच्या पोराची केशरी सीट राहणार की नाही याचा धागा चक्क पिंपरी-चिंचवडपर्यंत येतो, मला हे भारी वाटतं.

आणि हो, राइड गेली म्हणजे संपलं असंही नाही. झॅक ऑस्बोर्न अमेरिकेत जमलं नाही म्हणून युरोपात गेला, काही वर्षं तिकडे पळाला, परत आला आणि 2017 ला 250 ची टायटलं जिंकली, 2020 ला 450 चं आउटडोअर पण. त्यात कुणी जखमी झालं तर टीम तेवढ्यापुरता फिल-इन घेते, चार रेसची राइड. काही जण त्या चार रेसमध्येच पुढचा करार खेचतात.

आपल्याकडे चित्र अजून गुंतागुंतीचं आहे. नॅशनल सुपरक्रॉसला 'प्रायव्हेट एक्स्पर्ट' नावाचाच क्लास आहे, म्हणजे फॅक्टरी आणि प्रायव्हेट (स्वतःच्या जिवावर पळणारा) हा फरक इथे क्लासच्या नावातच लिहिलाय. टीव्हीएससारखी कंपनी रायडर ठेवते, ती खरी राइड. मग आली लीग. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच फेरी 28 जानेवारी 2024 ला आपल्या बालेवाडीत झाली, आम्ही सगळे गेलो होतो, घरी आलो तर कानातून माती निघाली. त्यात फ्रँचायझी रायडरवर बोली लावतात, परदेशी 450 आणि 250 वाले असतात, भारत-आशियाच्या रायडर्सचा वेगळा 250 क्लास असतो आणि 85 सीसीचा ज्युनियर क्लासही. बोली लागली म्हणजे राइडच, नाही कोण म्हणतंय, पण ती सीझनपुरती. पहिल्या सीझनला पुणे, अहमदाबाद, बंगळुरू अशा तीनच फेऱ्या होत्या. उरलेलं वर्षभर सराव, पिस्टन, टायर, फिजिओ हे कुठून येणार हा प्रश्न बोलीने सुटेलच असं नाही. आणि एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स म्हणजे तर यातलं काहीच नाही, ते फक्त गेटवर उभं राहायची परवानगी, तरी लोक त्याचा फोटो टाकून 'गॉट माय राइड' लिहितात.

कुणी कागद पुढे केला तर एवढं वाचा: गाडी कुणाच्या नावावर, मेकॅनिकचा पगार कोण देणार, जखमी झाल्यावर करार चालू राहणार की तुटणार. यातलं काहीच लिहिलेलं नसेल आणि फक्त लोगो कुठे लावायचा त्याची मापं दिली असतील तर समजून जा.

भाच्याच्या कागदावर लोगोची मापं होती. पुढच्याच रविवारी टेबलटॉपवर (सपाट माथ्याचा जंप) आडवा झाला आणि क्लच लिव्हर गेली. दुकानात विचारलं तर म्हणे लिव्हर स्कीममध्ये बसत नाही. मग मी आणि दाजी नाना पेठेत तीन तास फिरून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची लिव्हर आणली, घासून घासून बसवली. तेवढ्या तीन तासांत दाजी माझ्याशी परत बोलायला लागले.